गुडघ्याच्या मागची जागा

११ फेब्रुवारी

गुडघ्यात जंतू नाहीत. एकही नाही. आज निकाल आला.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. मागच्या आठवड्यात सुईने काढलेलं पाणी — दोन मोठ्या नळ्या भरून, पिवळं, गढूळ — त्यात गोचिडीच्या रोगाचा मागमूस नाही म्हणे. "चांगली बातमी आहे," म्हणाल्या. मी खाली बघितलं. चांगली बातमी भोपळ्याएवढी फुगून खुर्चीवर बसली होती.

नोव्हेंबरात अठ्ठावीस दिवस गोळ्या. जानेवारीत एकवीस दिवस हाताला सुई लावून औषध. जंतू मेले, ठीक. मग हे पाणी कोण भरतंय?

संध्याकाळी दीर-जाऊ आले. भावजी बसलेसुद्धा नाहीत. "वहिनी, स्पष्टच बोलतो. मधाच्या पेट्या वर टेकडीवर, तुम्ही इथे खाली. ऑक्टोबरपासून ही एकटी चढ-उतार करतेय. मे अखेरपर्यंत तुम्हाला चढता आलं तर उत्तम. नाहीतर बाराही पेट्या आमच्या अंगणात आणतो. तीस तारखेचा टेम्पो सांगून ठेवतो."

बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. म्हणूनच राग आला. त्या पेट्या ह्यांनी स्वतः रंधा मारून केल्या. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात त्यांचं जे आहे ते सगळं गप्प पडून आहे. फक्त त्या पेट्या तेवढ्या गुणगुणतात.

धाकटी जाऊ काही बोलली नाही. जिंकणारा माणूस गप्पच असतो. जाताना पायऱ्या दोन-दोन करत उतरली. तिला आणि मला एकाच दिवशी, एकाच गवतात, एकाच जातीची गोचीड चावली होती. तिचं चौदा दिवसांच्या गोळ्यांत निभावलं.

१२ फेब्रुवारी

दोन-दोन पायऱ्या.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा विचारतात — चावा कधीचा, चट्टा उठला होता का. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी अडखळायला नको.

मागच्या जूनचा पहिला रविवार. पेट्यांभोवती गवत कमरेला लागत होतं. भावजी, धाकटी आणि मी कापायला गेलो. उतरलो तेव्हा तिघांच्याही कपड्यांवर गोचिडी होत्या. काही तिळाएवढ्या, काही त्याहून बारीक.

हे असते तर पुढचं ठरलेलं. कपडे दारातच झटकायचे, न्हाणीत मोठा दिवा लावायचा, हे चष्मा कपाळावरून नाकावर घेणार, हातात चिमटा. 'तपासणी नाका' म्हणायचे. "सामान उघडा बाई. बिनतिकिटाचं कोणी आहे का बघू." कानामागे, मानेवर, काखेत आणि शेवटी गुडघ्यांच्या मागे. तिथे मुद्दाम वेळ लावायचे, कारण तिथे मला गुदगुल्या होतात. मग ते वळायचे आणि मी त्यांची पाठ बघायची. गवतातून आलो आणि एकमेकांना तपासल्याशिवाय जेवायला बसलो, असं बावीस वर्षांत झालं नाही.

त्या रविवारी भावजी आणि धाकटी त्यांच्या घरी गेले, मी माझ्या. एका हातात आरसा, एका हातात दिवा — आणि मान वळेल तेवढीच वळते. काही दिसलं नाही. जेवले.

धाकटीला दहाव्या दिवशी चट्टा उठला. खांद्याच्या पात्याखाली, बशीएवढा, लाल कडं आणि मधे फिकट. तिथे स्वतःचा स्वतःला दिसणं शक्यच नाही. दिसला, कारण बघणारं कुणीतरी होतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना, गोळ्या, संपलं.

माझा चट्टा कुठे उठला, उठला की नाही, हे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. ऑक्टोबरात एका सकाळी गुडघा खाटेवरून खाली येईना तेव्हा कळलं.

मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण मला ते रोज दिसतं. भावजी दिवा धरून तिच्या पाठीवर वाकलेत. "थांब, हलू नकोस." बस, एवढंच. एवढ्यावर मी जळते. नवरा आहे म्हणून नाही, दागिने आहेत म्हणून नाही. पाठीमागे डोळे आहेत म्हणून.

१९ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर आमच्या भागाचा पोस्टमन भेटला. त्यालाही गोचीडच. त्यालाही उशिरा कळलं, गुडघा फुगल्यावर. अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या आणि आज नुसता दाखवायला आला होता. मी विचारलं नव्हतं तरी पाय वाकवून, ताठ करून, पुन्हा वाकवून दाखवला.

"बघा ना, कुरकुरसुद्धा नाही."

"तेल घातलं असेल," मी म्हटलं.

खूप हसला. भला माणूस आहे. त्याच्या सायकलची हवा काढावीशी वाटली.

घरी आल्यावर लक्षात आलं ते वाईट होतं. धाकटी लवकर सापडली म्हणून बरी झाली, असं मी मनाशी धरून होते. त्यात एक समाधान होतं. पण पोस्टमन उशिरा सापडूनही बरा झाला. म्हणजे उशीर हे सगळं कारण नाही. कारण मी आहे.

२४ फेब्रुवारी

तेच विचारलं आज. "त्याचा बरा झाला, माझा का नाही?"

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या, असती तर. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि कागदावर गुडघा काढला. चित्र वाईट काढतात, सांगतात चांगलं.

जंतू मेले तरी त्यांच्या कवचाचे तुकडे सांध्याच्या अस्तरात अडकून राहतात. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्यांना ते तुकडे दिसतात आणि जंतू अजून आहे असं वाटतं. बहुतेकांच्या राखणदारांना थोड्या दिवसांत उमज पडते. ते थांबतात. काहींचे थांबत नाहीत. एकमेकांना हाका मारतात, आणखी गोळा होतात, अस्तर सुजतं, पाणी भरतं. आणि लढता लढता घरच्याच भिंतींवर घाव घालायला लागतात — आपलं कोण, परकं कोण, ते विसरून.

"आपल्याकडे म्हणतात ना," त्या म्हणाल्या, "साप म्हणून भुई धोपटणं. साप गेलाय. भुई तुमची आहे."

"माझेच का थांबत नाहीत?"

"काही जणांत ते जन्मतःच असतं. रक्तात खूण असते तशी. तुमची चूक नाही."

पोस्टमनला नाही ती खूण. धाकटीला बहुतेक नाही. मला आहे. वाटपाच्या वेळी नेमकी मी रांगेत पुढे.

आता म्हणतात, नवं औषध. जंतू मारायचं नाही, राखणदारांना शांत करायचं. आठवड्यातून एकदाच गोळी, गुण यायला दोन-तीन महिने. दर काही दिवसांनी रक्त तपासायचं. मी म्हटलं, "चोर आलेल्या घरात पहारेकऱ्यांना झोपेची गोळी? मला परत जंतूंचंच औषध द्या, महिनाभर."

"त्याने आता उपयोग नाही, नुसता पोटाला त्रास."

"मी विचार करते," म्हटलं. कागदावरचा गुडघा मागून घेतला.

२ मार्च

ग्रंथालयात आता माझ्यासाठी स्टूल ठेवलंय. ढकलगाडीवरची पुस्तकं बसून लावते. वरच्या फळ्या राहतात. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं जे काही येतं ते इथे पुस्तकं पुसता पुसता वाचलेलं. आधी धूळ झटकायची, मग एक पान. ग्रंथपाल मॅडमना माहीत आहे. त्या काही म्हणत नाहीत.

वैद्यकाच्या कपाटातली दोन जाड पुस्तकं मांडीवर घेतली — डाव्या मांडीवर. अर्धं कळलं नाही. जे कळलं ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच होतं. खोटं निघावं म्हणून वाचायला बसले होते.

६ मार्च

धाकटी आली. माश्या थंडीतून बाहेर पडायला लागल्यात, पाच नंबरची पेटी जोरात आहे, नऊ नंबरची राणी बहुधा गेली — हे सगळं मला सांगते. माझ्याच पेट्यांची बातमी मला! स्वयंपाकघरात बसते, चहा घेते, उठायचं नाव काढत नाही. घरी कामं नसतात का हिला? तिथे पेट्या, इथे ठाण.

मग पिशवीतून ह्यांचे हातमोजे काढले. मीच दिले होते ऑक्टोबरात, कपाळकरंटेपणाने. कातडी, कोपरापर्यंतचे. पांढरे दिसत होते. मला आधी ओळखूच आले नाहीत.

"साबणाने घासून धुतले, ताई. केवढे काटे रुतले होते आत. एकोणीस काढले मी."

तीन वर्षं मी ते धुतले नव्हते. त्यात हात घातला की बोटं जिथे त्यांची होती तिथेच जायची. आणि वास होता. त्यांचा का माझा का धुराचा, देव जाणे, पण होता.

"तुला कुणी सांगितलं होतं धुवायला?"

"माश्या चिडतात ना जुन्या डंखाच्या वासाला. धुतल्यापासून एकसुद्धा अंगावर येत नाही. अगदी शांत असतात माझ्याशी."

माझ्याशी. त्या ह्यांच्या माश्या. मला मागच्या पूर्ण उन्हाळ्यात चावत होत्या, आणि हिच्याशी शांत!

मी म्हटलं, "गुडघा तुझा बरा, माश्या तुझ्या, नवरा तुझा शाबूत. आता हातमोज्यांतून माझा माणूसही धुऊन काढलास. आणखी काय नेतेस? चहाचा कप ने."

ती उठली. कप विसळून पालथा घातला. हातमोजे टेबलावर ठेवले आणि गेली. पायऱ्या एक-एक करत उतरली.

७ मार्च

साबणाचा वास येतो.

१२ मार्च

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

हे म्हणायचे, माशी चावली की सांधा मोकळा होतो. त्यांच्या अंगठ्याचा झाला होता एकदा. म्हटलं, डॉक्टरची गोळी तीन महिने घेणार, टेम्पो यायला तेवढे दिवस नाहीत. आपलं औषध आपल्याकडे असताना परक्याचं कशाला? ग्रंथालयात सुट्टी टाकली आणि काठी घेऊन चढायला लागले. दर वीस पावलांवर बसत. एरवी पाव तासाची वाट, दोन तास लागले.

पेट्या बघितल्या आणि सगळं विसरले. ह्यांच्या हातचे आकडे अजून झाकणांवर आहेत. सातचा आकडा ते उलट्या काठीसारखा काढायचे.

दगडावर बसून गुडघा उघडा केला. पाच नंबरच्या दारातून एक माशी चिमटीत धरली आणि गुडघ्यावर टेकवली. चावली. काटा ठेवून गेली बिचारी, गवतात पडून मेली.

एक पुरे होती. एकच घ्यायची ठरवलं होतं. पण धुराचा डबा पेटवला नव्हता. बावीस वर्षं माश्या पाळणाऱ्याची बायको, आणि धूर विसरले! डंखाचा वास सुटला आणि दुसरी आली. नेमकी त्याच जागी. मग तिसरी. मग मोजता आल्या नाहीत. दुसरीकडे एकही नाही — हातावर नाही, तोंडावर नाही. सगळ्या गुडघ्यावर, पहिलीने जिथे खूण ठेवली होती तिथे. पहिली केव्हाच मेली होती आणि तिचं भांडण बाकीच्या लढत होत्या.

उठायला गेले तर पाय खाली आलाच नाही. बसल्या जागी पदराने झटकत राहिले, त्याने त्या आणखी चिडल्या.

धाकटी तिच्या वेळेला वर आली. ओरडली नाही. डबा पेटवला आणि आधी माझ्या गुडघ्याला धूर दिला. मला नाही, गुडघ्याला. हळूहळू, गोल. माश्या उडून गेल्या. मग नखाने खरवडून काटे काढले. अकरा.

"काय करत होतात?"

"औषध."

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनी."

"दादांनी अंगठ्याला एक माशी लावली होती. अख्खं खानदान नाही."

चौकटी वाहायची एकचाकी गाडी तिथेच होती. त्यात मला बसवलं, पाय बाहेर, हातात काठी. उतारावर मागे ओढून धरत खाली आणलं. घामाने न्हाली.

"वजन बरंच आहे हो ताई."

"अर्धं पाणी आहे."

हसलो दोघी. मग मला आठवलं की मी तिच्यावर रागावलेली आहे.

१३ मार्च

गुडघ्याचं काही लिहीत नाही. दारातून जाणार नाही एवढा झालाय.

१४ मार्च

पडून आहे. पडल्या पडल्या कालचा नाही, परवाचा गुडघा सारखा डोळ्यापुढे येतो. माश्या त्याच जागी, त्याच जागी. पहिली मेली, तिचा वास उरला, आणि वासावर सगळं पोळं उठलं. डॉक्टरीणबाईंचं वाईट चित्र मला कळलं नव्हतं. हे कळलं.

आणि धूर. धुराने माशी मरत नाही. झोपतसुद्धा नाही. नुसता वास झाकला जातो आणि ती आपल्या कामाला परत जाते. मी पहारेकऱ्यांना झोपेची गोळी म्हणत होते. तसं नाही ते.

हेही खरं की हे असते तर त्यांनी हातमोजे कधीच धुतले असते. दर मोसमाला धुवायचे. "माशी गेली तरी भांडण कातड्यात राहतं" — त्यांचंच वाक्य. मी तीन वर्षं त्यांचा माणूस म्हणून जे सांभाळलं ते एकोणीस माश्यांचं भांडण होतं.

हे धाकटीला सांगणार नाही. एवढी मोठी नाही झाले मी अजून.

१७ मार्च

सोमवार. पहिली गोळी घेतली. दर सोमवारीच, रोज नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं आणि डबीवर लाल अक्षरात लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पोटासाठी वेगळी छोटी गोळी. डंखांचं विचारलं तेव्हा खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

"हसा," मी म्हटलं. "माझी जाऊ हसली."

१८ मार्च

मळमळ. दिवसभर.

३१ मार्च

तिसरी गोळी. गुडघा तसाच. धाकटी दिवसाआड वर जाते, उतरताना इथे डोकावते. मी चहा देते. हातमोजे तिला परत दिले — "ने, माझ्याकडे काय करायचेत." तिने घातले आणि बोटं हलवून बघितली. तिला सैल होतात. ह्यांचे हात मोठे होते.

ते बघवलं नाही. भांडी घासायला उठले.

९ एप्रिल

ह्यांच्या वहीत आता तिचं अक्षर आहे. पेट्यांची वही, दर पेटीला एक पान. ह्यांचं वाकडं, मग माझं, मग मागच्या ऑक्टोबरपासून तिचं. गोल, ठसठशीत, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं. 'नऊला नवी राणी धरली.' 'चारला खायला दिलं.' एकही दिवस चुकलेला नाही. ऐन थंडीत, माश्या पेटीबाहेरही पडत नाहीत तेव्हासुद्धा — 'वर गेले. कान लावला. आवाज आहे.'

एवढ्यासाठी चढायची? थंडीत पेटीला कान लावायला?

मी ऑक्टोबरनंतर वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही. ती भरलेली पानं पुन्हा चाळली. माझी जागा इतकी नीट भरता येते, हे मला माहीत नव्हतं.

२१ एप्रिल

भावजी आले होते टेम्पोचं नक्की करायला. रक्त तपासलं ते ठीक आहे, गुण येईल हळूहळू, असं मी सांगत होते. म्हणाले, "हिलाही मागे काहीतरी झालं होतं ना? ताप का काय?"

धाकटी दाराशी चपला घालत होती. "हो," म्हणाली, "तसंच काहीतरी."

विसरलेसुद्धा. बरं झालेल्या माणसाचं दुखणं कोण लक्षात ठेवतो? इतकं लवकर निस्तरलं की आठवतही नाही, असं सुख असतं एकेकाच्या नशिबी.

५ मे

सकाळी जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं की कठडा धरला नव्हता.

परत वर गेले आणि पुन्हा उतरले. मग दिवसभर दुखला. पण दुखणं वेगळं होतं, कामाचं.

१९ मे

डॉक्टरीणबाईंनी सुई काढून ठेवली होती. गुडघा दाबून बघितला, दोन्ही बाजूंनी, आणि सुई परत ठेवून दिली. काढण्याइतकं पाणी नाही! "गोळी सोडायची नाही हं," म्हणाल्या. "राखणदार शांत झालेत, विसरलेले नाहीत."

बाकावर पोस्टमन नव्हता. असता तर वाकवून दाखवला असता.

२८ मे

धाकटीबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत गेले. मोठ्या दगडापाशी बसलो. टेम्पो परवाचा. मी म्हटलं, "मला नाही जमलं तर तुझी चढ-उतार तरी वाचेल. अंगणात पेट्या, काय वाईट आहे."

वाटलं, आता म्हणेल, हो ना ताई. म्हणायला पाहिजे होतं. ती गवताची काडी सोलत बसली.

"खाली नका नेऊ देऊ," म्हणाली.

"का गं?"

"वर येते तेवढंच असतं."

तेवढंच म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही. पण उतरताना पहिल्यांदा बघितलं — तिच्या पिशवीत एकटीचा डबा होता, पाणी होतं, पुस्तक होतं. आमच्याच ग्रंथालयाचं. दुपारभर राहायच्या तयारीने येते ही बाई.

३० मे

धाकटीबरोबर चढले. बाराही पेट्यांवर हात ठेवला. वरूनच भावजींना फोन करून सांगितलं, टेम्पो नको. "तुमची मर्जी," म्हणाले.

उतरलो तर धाकटी माझ्या दारात घुटमळली. मी म्हटलं, "जा, घरी जाऊन भावजींना पाठ दाखव. गवत वाढलंय."

"ते कधी बघतात?"

"मागच्या वर्षी तुझा चट्टा त्यांनीच ना पाहिला—"

"शिंपीणबाईंनी. मापं घेताना. हातातली टेप टाकून मला दवाखान्यात घेऊन गेल्या." तिने चपला काढल्या, पुन्हा घातल्या. "ह्यांनी माझ्या पाठीकडे बघून सहा वर्षं झाली असतील, ताई."

न्हाणीतला मोठा दिवा लावला. तीन वर्षांनी. चष्मा नाकावर घेतला, चिमटा शोधला. तिच्या मानेवर, केसांच्या कडेला एक सापडली. तिळाएवढी, अजून रुतली नव्हती.

मग ती म्हणाली, "आता तुम्ही वळा."